उलांडीची शिडाची होडी घरी बांधतोय: मापं एकदा तपासून द्याल का?

नवखा_नावाडी

बंदिस्त पाण्यात, म्हणजे तलाव किंवा शांत खाडीत, दोघांनी बसून शिडावर चालवायची होडी बांधायची आहे. एका बाजूला उलांडी (तोल राखणारा, दांड्यांनी होडीला जोडलेला तरंगता ओंडका). आराखडा कागदावर तयार आहे, पण प्लाय कापण्याआधी जाणकारांनी नजर टाकावी.

मुख्य होडी: ६ मिमी मरीन प्लाय, ८ बाय ४ फुटांचे दोन तक्ते लांबीत जोडून. तयार लांबी ४.७५ मी., तळ ३४ सेंमी, वरची रुंदी ५८ सेंमी, खोली ४० सेंमी. तारेने शिवून इपॉक्सीने सांधायची पद्धत.
उलांडी: ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, ३ मी. लांब, दोन्ही टोकांना बूच.
आडवे दांडे: ५० मिमी ॲल्युमिनियम पाइप, जाडी २ मिमी, दोन नग, होडीला बोल्टने. होडीच्या मध्यापासून उलांडीच्या मध्यापर्यंत १.२ मी.
शीड: ताडपत्रीचं, ७ चौ.मी., चौकोनी लग (डोलकाठीवर तिरक्या काठीने टांगलेलं शीड).
सुकाणू नाही, वल्ह्यानेच वळवणार. खाली फळीही नाही, कारण उलांडी आणि लांब अंग मिळून आडवं सरकणं थांबेल असं वाटतं.

दुपारी चौथ्या प्रतीचा (बोफर्ट मोजणीत) वारा असतो. पाइपची उलांडी चालेल का? आणि लाकडासाठी पॉलिएस्टर राळ वापरली तर?

तराजू

मुख्य होडीची मापं छान आहेत. दोन तक्त्यांच्या जोडाची रुंदी १२२ सेंमी, त्यात ४२ + ४२ + ३४ बसतात आणि करवतीलाही जागा उरते. बाजूची पट्टी ४२ सेंमी आणि दोन्हीकडे १२ सेंमी उतार, म्हणून खोली ४० येते. दोन माणसं, सामान आणि होडी मिळून २३० किलो धरले तर ती साधारण २१ सेंमी बुडेल, म्हणजे पाण्यावर १९-२० सेंमी काठ उरेल. एकट्याने चालवताना (१५० किलो) १५ सेंमी बुडेल. शांत पाण्याला पुरेसं आहे, पण बसायच्या जागेभोवती १० सेंमीची उभी पट्टी लावा.

गडबड उलांडीत आहे. हिशोब करूनच बघा.

वारा सेकंदाला ८ मीटर (ताशी २९ किमी, चौथ्या प्रतीची वरची हद्द). शिडावरचा जोर = ०.६ × ८ × ८ × ७ × १.२, म्हणजे सुमारे ३२० न्यूटन. हा जोर शिडाच्या मध्यावर, पाण्यापासून २ मी. उंचीवर लागतो, आणि त्याला अडवणारा पाण्याचा जोर पाण्याखाली ४० सेंमीवर. दोन्हींतलं अंतर २.४ मी. म्हणून कलवणारं बळ ७७० न्यूटन-मीटरच्या आसपास. उलांडी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला असेल तेव्हा हे सगळं तिच्या तरंगण्याने पेलायचं.

तुमच्या १.२ मी. अंतरावर त्यासाठी ६६ किलो उचल लागते. ११० मिमीच्या पाइपात मीटरला ९.५ लिटर, तीन मीटरला २८ लिटर. पाइपचं स्वतःचं वजन चारेक किलो वजा केलं की हातात उरतात २४ किलो. माणसं मध्यभागी बसलेली धरली तर ताशी १७-१८ किमीच्या वाऱ्यातच उलांडी पूर्ण पाण्याखाली जाईल. आणि बुडालेली उलांडी नुसती बुडत नाही. तिचा अडथळा एकदम वाढतो, नाळ (होडीचं पुढचं टोक) तिच्याकडे वळते, वेग मरतो, आणि वेग मेला की शिडाचा जोर सगळा कलवण्यात जातो.

दोन बदल करा. अंतर १.८ मी. ठेवा, म्हणजे गरज ६६ वरून ४४ किलोवर येते. आणि उलांडीचं आकारमान ११० लिटरच्या आसपास घ्या. झोत ८ चा १२ झाला की जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, म्हणजे ४४ चे ९९ किलो. उलांडीचं वजन १२ किलो धरलं तर ११० लिटर हा आकडा तिथून आला. त्यात चैनीचं काही नाही.

उलट बाजूचाही हिशोब बघा, तो बरेच जण विसरतात. उलांडी वाऱ्याकडे असते तेव्हा ती वजन म्हणून काम करते, आणि १२ किलो × १.८ मी. हे फक्त २१० न्यूटन-मीटर. बाकीचं माणसाने बाहेर सरकून द्यायचं. ७० किलोचा एक जण दांड्यांवरच्या फळीवर मध्यापासून १ मी. बाहेर बसला की ६९० मिळतात, एकूण ९००. म्हणजे ८ च्या वाऱ्याला जेमतेम पुरतं. १२ च्या झोतात पूर्ण शीड ठेवून कुठेही बसलात तरी पुरत नाही. तिथे शीड ४ चौ.मी. वर आणायचं, मग बळ ८३० च्या घरात येतं. शिडाला घड्या घालायची सोय असल्याशिवाय ही होडी पाण्यात नेऊ नये.

दांड्यांचंही तेच. झोतात उलांडीवर १०० किलो, दर दांड्याला ५०, काठापासून दीड मीटर लांब. ५० × २ मिमीच्या नळीत तेव्हा ताण २१० मेगापास्कलवर जातो. ६०६१-टी६ या मिश्रधातूची वाकून कायमची वाकडी होण्याची हद्द २४० च्या पुढे आहे, म्हणजे लाटेचा एक दणका पुरेसा. आणि साध्या बाजारी नळीचा मिश्रधातू त्याहून मऊ असू शकतो. ६० मिमी बाहेरचा व्यास आणि ३ मिमी जाडी घेतली की ताण शंभरावर येतो. हीच घ्या.

रंधा_आणि_राळ

राळेचं आधी. लाकडावर पॉलिएस्टर नको. लाकडाला ती नीट धरत नाही, ओलावा आत गेला की काचकापडासकट पापुद्र्यासारखी सुटते. इपॉक्सीच. एवढ्या होडीला उलांडीसह ८-९ किलो मिश्रण धरा, त्यात सांध्यांचा लगदाही आला.

दोन तक्त्यांचा जोड १:८ उताराचा करा. ६ मिमीला ४८ मिमी लांब उतार. तक्ते एकावर एक पायरीने ठेवून एकाच वेळी रंधा मारा. प्लायच्या थरांच्या कडा सरळ, समांतर पट्ट्यांसारख्या दिसू लागल्या की उतार बरोबर आला. चिकटवताना आधी पातळ इपॉक्सी दोन्ही तोंडांना पाजा, दहा मिनिटं मुरू द्या, मग घट्ट केलेली लावा. कोरड्या लाकडाला थेट घट्ट लगदा लावला की लाकूड राळ शोषून घेतं आणि सांधा उपाशी राहतो. शिकंजाही जास्त आवळू नका, राळ सगळी बाहेर निघून येते.

शिवायला १.२ मिमीची तांब्याची तार, भोकं कडेपासून १० मिमी आत, १५ सेंमी अंतराने. टोकांकडे प्लायचा पीळ जास्त असतो, तिथे ८ सेंमी. तारा हाताने सैलसर पिळा, आडवे पडदे बसवा (पुढे-मागे टोकांपासून ७५ सेंमीवर एकेक, आणि दोन्ही दांड्यांखाली एकेक अर्धा), मग सगळ्या तारा थोड्या थोड्या घट्ट करत जा.

आता इथे थांबा. लगदा भरण्याआधी काठांवर आडव्या दोन सरळ पट्ट्या ठेवा, एक पुढे एक मागे, आणि मागून डोळा लावून बघा. दोन्ही समांतर दिसल्या नाहीत तर होडीत पीळ आहे. या घडीला एका कोपऱ्याखाली पाचर सारून तो निघतो. एकदा लगदा वाळला की तो पीळ जन्माचा, आणि पिळलेल्या होडीवर उलांडी कधीच सरळ बसत नाही.

कोपऱ्यात लाकडाचा बारीक भुसा आणि सिलिका मिसळलेला लगदा, श्रीखंडाएवढा घट्ट, १५-२० मिमी त्रिज्येचा गोलवा देऊन भरा. आधी तारांच्या मधल्या जागा भरा, वाळल्यावर तारा काढा, मग सलग भरा आणि ओला असतानाच ७५ मिमी रुंद काचपट्टी बसवा. बाहेरून सांध्यांच्या कडा ५ मिमी गोल करून तळावर २०० ग्रॅमचं कापड. सपाट तळ ६ मिमीचा असल्याने पायाखाली लचकतो. आतून लांबीत दोन पट्ट्या, २० × ३० मिमी, चिकटवून टाका.

तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, मोठं भांडं भरून राळ कालवणं: ती स्वतःच्या उष्णतेने धूर सोडून दगड होते. १५०-२०० मिली कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. दोन, लवकर सुकावी म्हणून हार्डनर वाढवणं. प्रमाण ठरलेलं असतं, जास्त घातलं तर ती कायम चिकट राहते. घाई असेल तर जलद प्रकारचा हार्डनर आणा, प्रमाणाला हात लावू नका. तीन, दमट हवेत पृष्ठभागावर येणारा मेणचट थर. तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मग पॉलिश पेपर. उलट केलंत तर मेण घासून लाकडात जातं आणि पुढचा हात सुटतो. उघड्या लाकडाला पहिला हात दुपारनंतर, तापमान उतरताना द्या. सकाळी लाकूड तापू लागलं की आतली हवा बाहेर येते आणि बुडबुडे धरतात.

उलांडी ४ मिमी प्लायची करा: ३.४ मी. लांब, मध्यभागी २२ सेंमी रुंद, २४ सेंमी उंच, दोन्ही टोकं निमुळती आणि पुढचं टोक वर उचललेलं. एवढ्यात ११० लिटर बसतात. आत तीन पडदे. प्रत्येक कप्प्याला झाकण, आणि २-३ मिमीचं एक भोक वरच्या अंगाला. उन्हात आतली हवा फुगते, वाट नसेल तर सांधा तडकवते. पाइपचाच हट्ट असेल तर २०० मिमीचा साडेतीन मीटर घ्यावा लागेल. आकारमान मिळेल, पण सरळ असल्याने नाक लाटेत घुसतं, आणि उन्हात तो खाली झोळ धरतो.

बोल्टबद्दल मात्र माझं ठाम मत आहे: नको. दांडा सगळ्यात जास्त ताण सोसतो तो काठापाशी, आणि तिथेच उभं भोक पाडलं तर नळीच्या वरच्या-खालच्या भिंतीतलं नेमकं कामाचं धातू जातं. शिवाय खाऱ्या पाण्यात स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला खातो. काठावर नळीच्या गोलाईचा लाकडी खोबणा करा, त्यावर नळी ठेवा, ४ मिमी पॉलिएस्टर दोरीचे ८-९ वेढे आणि मग त्याच वेढ्यांना मधून आवळणारे ३-४ आडवे फेरे. नायलॉन नको. तुटत नाही, पण ताणतो, आणि ओला झाला की आणखी. संध्याकाळपर्यंत उलांडी खुळखुळायला लागते.

नवखा_नावाडी

आराखडा बदलतो: १.८ मी., ६० × ३ ची नळी, प्लायची उलांडी, दोरीची बांधणी. एक प्रश्न. उलांडी कायम वाऱ्याकडेच ठेवून दोन्ही टोकांनी चालणारी होडी (पॅसिफिकमधली प्रोआ) करावी का? मग एवढी मोठी उलांडी लागणार नाही. आणि दोन उलांड्या लावणं जास्त सुरक्षित नाही का?

दामण_सोड

प्रोआत उलांडी हलकी आणि लहान चालते, हे खरं. पण दिशा बदलायची म्हणजे होडी वळत नाही, तिची नाळ आणि मागचं टोक अदलाबदल होतात. दामण (शीड ओढून धरणारी दोरी) सोडायची, होडी वाऱ्याला आडवी थांबवायची, शिडाचा खालचा पुढचा कोपरा एका टोकावरून उचलून दुसऱ्या टोकावर न्यायचा, डोलकाठीचा कल बदलायचा, सुकाणूचं वल्हं त्या टोकाला, मग दामण ओढायची. सरावलेल्या दोघांना हे जमतं. नवख्याला यात खरा धोका वेगळाच आहे: या गडबडीत वारा चुकीच्या बाजूने आला, म्हणजे उलांडी वाऱ्याआड गेली, तर शीड डोलकाठीला चिकटतं, ताण उलांडीकडच्या दोरीवरून उतरतो आणि काठी कोसळते किंवा होडी उलटते. मार्शल बेटांवरच्या होड्यांत याच चालीसाठी अंगसुद्धा एका बाजूला चपटं, दुसऱ्या बाजूला फुगीर असतं, उलांडीच्या ओढीला तोल म्हणून. सपाट तळाच्या सरळ अंगावर तो फायदा मिळत नाही. पहिल्या होडीला नको.

दोन उलांड्यांनी कलंडणं कठीण होतं, पण वजन वाढतं, दांडे दुप्पट लांब होतात आणि होडी काठाला लावताना जागा जास्त लागते. चालवणारे पूर्ण नवखे असतील आणि दोघंही जड असतील तर विचार करा. तसं नसेल तर एकच, ११० लिटरची, बस आहे.

आता खालच्या फळीकडे येतो, कारण आराखड्यातली सगळ्यात मोठी चूक उलांडी नसून ही आहे. फळीशिवाय ही होडी वाऱ्याविरुद्ध वर चढणारच नाही. सपाट तळ २१ सेंमी बुडालेला, तो आडवा घसरतो. शिडाच्या ४ टक्के, म्हणजे ०.२८ चौ.मी. फळी पाण्यात हवी: ३५ सेंमी रुंद, ८० सेंमी खोल. उलांडीच्या बाजूने, काठाच्या बाहेर, एका बोल्टवर फिरणारी लावा. तळ लागला की मागे उचलली जाते. खालच्या काठालाही घासपट्टी द्या, नाहीतर वारा दुसऱ्या बाजूने आला की ती होडीपासून सुटून फडफडते.

तिची जागा: शिडाचा मध्य फळीच्या मध्याच्या २५-३५ सेंमी पुढे. बोल्टची पट्टी काठावर मागेपुढे सरकेल अशी ठेवा, कागदावरचा बिंदू पाण्यात तंतोतंत येत नाही. आणि एका उलांडीची होडी दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही हे धरून चाला. उलांडी वाऱ्याकडे असताना तिची ओढ नाळ वाऱ्यात नेते, तेव्हा फळी थोडी मागे झुकवा. वाऱ्याआड असताना ओढ नाळ वाऱ्यापासून दूर पाडते, तेव्हा फळी उभी करा. एवढं केलं की सुकाणूवरचा अर्धा भार जातो. सुकाणू मात्र लावाच, २५ सेंमी रुंद, ७० सेंमी खोल, उचलता येणारं. नुसत्या वल्ह्याने चौथ्या प्रतीच्या वाऱ्यात ७ चौ.मी. शीड धरून ठेवणं म्हणजे एक माणूस कायम त्यातच अडकला.

शिडाची मापं: खालची काठी २.९ मी., परबाण (शिडाची वरची काठी) २.८, पुढची कड १.८, मागची ३.५, म्हणजे ६.९ चौ.मी. मागची कड ताडपत्रीच्या धाग्याला समांतर कापा, तिरकी गेली तर ताणून लोंबते. परबाणाच्या कडेला मध्यभागी ५ सेंमी गोलवा जास्त ठेवा, त्यानेच पोट येतं. सरळ कापलं तर शीड पत्र्यासारखं सपाट राहतं, मंद वाऱ्यात ओढत नाही. आधी दुतोंडी टेप, मग उन्हाला टिकणाऱ्या पॉलिएस्टर दोऱ्याने नागमोडी टाका. घड्यांच्या दोन ओळी, दुसरी घातल्यावर ४ चौ.मी. उरेल अशी. तराजूंचा आकडा तिथेच बसतो.

डोलकाठी वरून तारेने ओढलेली नसते, म्हणून सगळा जोर पायापाशी येतो. काठाच्या वर शिडाचा मध्य १.८ मी., आणि आत बसलेला भाग फक्त ४० सेंमी. ३२० न्यूटनचे पायाशी १४४० होतात. २० मिमी कठीण लाकडाची खोबण, तळाला आणि पडद्याला दोन्हींना लगद्याने बांधलेली. वरचा आधार पुढच्या दांड्यापाशी.

लगमध्ये सगळी गंमत खालची काठी खाली ओढणाऱ्या दोरीत आहे. पुढच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी घडी दिसली तर ती सैल आहे, ओढा. शिडाच्या शेंड्यापासून पुढच्या खालच्या कोपऱ्याकडे घडी असेल तर जास्त ओढली आहे. मंद वाऱ्यात ही दुसरी घडी हलकीशी असू द्या, वारा भरला की जाते.

वळताना: उलांडी वाऱ्याकडे असेल तर वाऱ्यातून वळणं सोपं, तिची ओढ मदतीला येते. वाऱ्याआड असेल तर तीच ओढ आडवी येते. तेव्हा आधी वाऱ्यापासून थोडं दूर वळून वेग घ्या, मग सुकाणू हळू फिरवा (झटका दिला की ते ब्रेक होतं), आणि दुसऱ्याने मोकळ्या बाजूला वल्हं पाण्यात उभं धरावं. मध्येच अडकलात तर खालची काठी हाताने वाऱ्यात ढकला, होडी मागे जाऊ लागली की सुकाणू उलटं.

रंधा_आणि_राळ

फळी उलांडीच्या बाजूला लावली तर दांडा आणि फळीच्या मध्ये गवत अडकतं. मोकळ्या बाजूला लावलेली बरी, हात पोचतो.

दामण_सोड

पोचतो, पण काठाला लावताना तीच बाजू घासते. गवताचं पाणी असेल तर तुमचं म्हणणं मान्य.

तराजू

पाण्यात नेण्याआधी उलटण्याची तालीम करा, छातीएवढ्या पाण्यात, डोलकाठी काढून आणि मग डोलकाठीसह. ही होडी पूर्ण पालथी झाली की अंग आणि उलांडी दोन्ही तरंगतात आणि ती त्या स्थितीतही स्थिर असते, आपोआप सरळ होत नाही. दोघं मिळून उलांडीवर उभे राहिले तर १४० किलोखाली ती बुडते आणि अंग वरून फिरवता येतं. एकट्याला ११० लिटर बुडवता येत नाहीत. म्हणून पालथी होऊच नये यासाठी डोलकाठीच्या शेंड्याला १०-१२ लिटरचा बंद डबा किंवा फोमचा ठोकळा बांधा. तो होडीला आडवी धरून ठेवतो, तिथून एकटाही सरळ करू शकतो. डबा वाऱ्याला अडथळा करतो आणि दिसतो बेंगरूळ, तरी पहिल्या हंगामात काढू नका.

टोकांचे हवाबंद कप्पे पाण्याने तपासा: आत बादलीभर पाणी ओता, होडी एका बाजूला कलती ठेवा, तासाभराने बाहेरून सांध्यावर बोट फिरवा. बादली होडीला दोरीने बांधलेली असावी. जॅकेट अंगात, डब्यात नाही.

उलांडीची उंची ठरवताना दोघंही होडीत बसलेले असावेत. ती तेव्हा ३-५ सेंमी बुडायला हवी, नाक शेपटापेक्षा २-३ सेंमी वर. आधी तात्पुरत्या दोऱ्या बांधून दांड्याखाली पाचरी घालून बघा, आकडा सापडला की मग खोबणे चिकटवा.